सिरॅमिकवाल्यांनी रेसिडेन्सी, शिकवण्याच्या जागा आणि पुरस्कार यांच्यासाठी अप्लाय कसं करायचं

कॉलेजचे रिझल्ट लागले की मला मेसेज यायला लागतात. ताई रेसिडेन्सीचा (म्हणजे एखाद्या संस्थेत काही काळ राहून तिथल्या स्टुडिओत आपलं काम करण्याचा) फॉर्म कसा भरायचा, ताई कुठे शिकवायला मिळेल का, ताई हा अवॉर्ड खरा आहे की फेक. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. मी मातीत काम करणारी, त्यामुळे उदाहरणं भट्टी आणि ग्लेझ (मातीच्या कामावरचा काचेसारखा थर) यांचीच येणार, पण पेंटिंग, प्रिंट, शिल्प, टेक्सटाइलवाल्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं.

१. आधी बघा, तुमचं अडतंय कशावर

हे ठरवल्याशिवाय लोक दिसेल तिथे अर्ज टाकतात आणि मग कुठूनच काही येत नाही म्हणून वैतागतात. भट्टी नाही म्हणून अडलंय का? भट्टी आहे पण घरच्या ऑर्डरी आणि क्लासेसमधून वेळ मिळत नाही का? तंत्र शिकायचं राहिलंय का? की काम भरपूर आहे, फक्त कुणाला माहीत नाही?

भट्टी आणि वेळ हवा असेल तर रेसिडेन्सी. तंत्र कच्चं असेल तर रेसिडेन्सी नको, आधी ट्रेनिंग घ्या, कारण रेसिडेन्सीत तुम्हाला कुणी शिकवत बसत नाही, टेक्निशियन असतो तो भट्टी लावून देतो, सेंटरिंग (चाकावर मातीचा गोळा मधोमध बसवणं) शिकवत नाही. दर महिन्याला पैसे हवेत तर शिकवण्याची जागा किंवा फेलोशिप. नाव हवं असेल तर प्रदर्शनं आणि पुरस्कार, पण पुरस्काराने घर चालतं असं समजू नका.

२. सुरुवात देशातच करा

परदेशाची घाई सगळ्यांना असते. पण तिथल्या कमिटीला तुमच्या सीव्हीत आधी कुठेतरी जाऊन राहून काम केल्याचं दिसलं की बरं वाटतं, आणि तुम्हालाही कळतं की दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या मातीत आपला हात चालतो की नाही.

शिकायचं असेल तर: पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केली, आज देशात स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेलं पक्कं काम) करणारे कितीतरी लोक तिथूनच तयार झालेत. हिमाचलमध्ये कांगडा जिल्ह्यात पालमपूरजवळ अँड्रेटा आहे, तिथला तीन महिन्यांचा राहून शिकायचा कोर्स बऱ्याच जणांनी केलेला असतो. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे, मुंबई-पुण्याच्या मुलांना तो माहीतच नसतो.

काम करायला जागा हवी असेल तर: मध्य प्रदेशात मैहरजवळ आर्ट इचोल आहे, तिथे सिरॅमिकचा स्टुडिओ आहे. मुंबईत माझगावची स्पेस ११८ सगळ्या माध्यमांना घेते. दिल्लीत खोज ही कलाकारांची संस्था, त्यांचा पीअर्स नावाचा प्रोग्राम खास शिकणाऱ्या आणि नुकत्याच पास झालेल्या मुलांसाठी असतो. पण तिथे मोठी भट्टी असेल, आपण वीस भांडी भाजून परत येऊ, असं डोक्यात घेऊन जाऊ नका. तिथे प्रयोग, चर्चा, प्रोसेस याला महत्त्व, त्या हिशोबाने प्रपोजल लिहा.

ललित कला अकादमीची केंद्रं मात्र आपले लोक विसरतातच. दिल्लीत गढी, शिवाय चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर. यातल्या बऱ्याच ठिकाणी सिरॅमिकचं वर्कशॉप आहे, अगदी कमी पैशात जागा मिळते. सुविधा सरकारी असतात म्हणजे कशा असतात ते तुम्हाला माहितीये, पण भट्टी ती भट्टी.

जाण्याआधी एक फोन नक्की करा आणि सरळ विचारा, भट्टी सध्या चालू आहे का, शेवटचं फायरिंग कधी झालं, गॅस की इलेक्ट्रिक, आतली मापं काय, किती अंशापर्यंत जाते आणि फायरिंगचे पैसे वेगळे आहेत का. एका ठिकाणी (नाव घेत नाही) वेबसाइटवर सुंदर भट्टीचा फोटो होता, आम्ही पोचलो तर तिची एलिमेंट्स कधीचीच उडालेली, आणि सगळा मुक्काम कच्ची कामं सुकवण्यात गेला.

३. सरकारी पैसा: कमी वाटतो, पण नियमित येतो

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) या संस्थेमार्फत चालतात. तीन लक्षात ठेवा.

१८ ते २५ वयासाठी यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप: महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. यात व्हिज्युअल आर्टमध्ये पॉटरी-सिरॅमिक येतं. यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं पत्र लागतं आणि पोरं इथेच अडकतात, कारण कॉलेज चार वर्षांचं असतं. फाउंडेशनचं वर्ष, शाळेत असताना लावलेला क्लास, सुट्टीत एखाद्याच्या स्टुडिओत केलेलं काम, जे जे खरंच केलंय त्याचं पत्र त्या त्या माणसाकडून आधीच घेऊन ठेवा.

२५ ते ४० साठी ज्युनिअर फेलोशिप: महिना १०,०००, दोन वर्षं. ४० च्या पुढे सीनिअर: महिना २०,०००. इथे प्रोजेक्ट द्यावा लागतो, "मला काम करायचंय" एवढं पुरत नाही. म्हणजे उदाहरणार्थ तुमच्या जिल्ह्यातल्या कुंभारांची भट्टी रचायची पद्धत, त्यांचं इंधन, त्यांची माती कुठून येते, आणि त्यावरून तुम्ही स्वतः काय बनवणार, असं ठोस काहीतरी. पैसे दर महिन्याला खात्यात पडत नाहीत, हप्त्यांनी येतात, आणि सहामाही रिपोर्ट दिल्यावरच पुढचा हप्ता निघतो. रिपोर्टला उशीर म्हणजे पैशाला उशीर. तेव्हा या पैशावर स्टुडिओचं भाडं बांधून घेऊ नका.

पारंपरिक कुंभार कुटुंबातले असाल तर हस्तकला विकास आयुक्तांचं पहचान कार्ड आधी काढा, हस्तकलेचे राष्ट्रीय पुरस्कार, मेळे, ट्रेनिंग, सगळीकडे ते विचारतात. पीएम विश्वकर्मामध्येही कुंभारकाम आहे, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत मिळते. आर्ट कॉलेजवाले या वाटेला जात नाहीत आणि कुंभारवाड्यातल्या पोरांना रेसिडेन्सीचं कुणी सांगत नाही, हे मला कायम खटकतं.

४. परदेशी रेसिडेन्सी: पैसे कोण भरणार ते पहिल्यांदा वाचा

रेसिडेन्सी मिळाली म्हणजे फुकट, असं घरच्यांना वाटतं. आपल्यालाही वाटतं. तीन प्रकार असतात: सगळं देणाऱ्या, थोडं देणाऱ्या, आणि तुमच्याकडूनच फी घेणाऱ्या. तिसऱ्या प्रकारातल्या सगळ्या फसव्या असतात असं नाही, उलट काही फार चांगल्या आहेत, फक्त हिशोब आधी मांडा.

नेदरलँड्समध्ये ऑइस्टरवाइकला ईकेडब्ल्यूसी हे सिरॅमिकचं केंद्र आहे, जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारात, बारा आठवड्यांची रेसिडेन्सी, माणूस आत उभा राहील एवढ्या भट्ट्या. गंमत म्हणजे सिरॅमिकचा अनुभव नसलेले पेंटर, आर्किटेक्ट, डिझायनर यांनाही घेतात, तेव्हा बाकीच्या माध्यमवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. फी असते, ती उभी करायला वेगळी ग्रँट शोधावी लागते.

जपानमध्ये शिगाराकीचं सिरॅमिक कल्चरल पार्क, १९९२ पासून तिथे कलाकार येऊन राहतायत. निमंत्रित गेस्ट आर्टिस्ट वेगळे आणि अर्ज करून येणारे वेगळे, अर्ज करून गेलात तर स्टुडिओ, माती, फायरिंग याचा खर्च तुमचा. लाकडाच्या भट्टीत रस असेल तर याच्यासारखी जागा नाही.

अमेरिकेत मोंटानामधल्या हेलेना शहरात आर्ची ब्रे फाउंडेशन, १९५१ साली एका विटांच्या कारखान्याच्या जागेत सुरू झालं, पुढे नावाजलेले सिरॅमिक कलाकार पीटर वोल्कोस आणि रुडी ऑटिओ हे तिथले पहिले रेसिडेंट. उन्हाळ्यातली छोटी रेसिडेन्सी असते आणि दोन वर्षांपर्यंतचीही. स्पर्धा भयंकर.

हंगेरीत केचकेमेटचा इंटरनॅशनल सिरॅमिक्स स्टुडिओ, डेन्मार्कमध्ये गुल्डागरगार्ड, चीनमध्ये जिंगदेझेनची पॉटरी वर्कशॉप. जिंगदेझेनला पोर्सिलीनसाठी (चिनी मातीसाठी) जा, तिथे थ्रोइंग (चाकावर घडवणं) करणारा वेगळा, साचे करणारा वेगळा, ब्रशकाम करणारा वेगळा, आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायची सोय असते. पहिल्यांदा हे बघून आपण गार पडतो.

नवीन जागा शोधायला रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन याद्या बघा. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे, भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना देतात. त्यात २८ ते ४५ वयाची अट असलेली छोटी ग्रँट आपल्या कामाची, पण आधी तिथल्या एखाद्या संस्थेचं निमंत्रण हातात लागतं. म्हणजे आधी स्टुडिओशी पत्रव्यवहार, मग पैशाचा अर्ज. हा क्रम लोक उलटा करतात.

आणि हिशोब मांडताना फी, विमान, व्हिसा, विमा, जेवण, माती-ग्लेझ, फायरिंग, आणि कामं परत आणायचा खर्च, हे सगळं धरा. शेवटचा आकडा बघून डोळे पांढरे होतात, पण आधी झालेले बरे.

५. फोटो. खरं सांगायचं तर निम्मं काम इथेच होतं

ज्युरी तुमचं भांडं हातात घेत नाही. शेकडो अर्ज, प्रत्येकाला जेमतेम काही सेकंद, स्क्रीनवर. काम कितीही चांगलं असलं आणि फोटो खाटेवरच्या चादरीवर काढलेला असला तर गेलं.

मागे राखाडी किंवा पांढरा कागद, खालून वर वळवत नेलेला, म्हणजे मधली रेघ दिसत नाही. उजेड खिडकीतला चालेल पण मध्ये ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा पंचा लावा. चकचकीत ग्लेझवर खिडकी, तुमचा मोबाइल आणि तुम्ही स्वतः सगळे दिसता, त्याला उपाय म्हणजे फ्लॅश बंद, उजेड बाजूने, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून उभा राहणारा एक मित्र. टेनमोकू आणि तत्सम काळ्या ग्लेझला हा मित्र लागतोच. मॅट कामाला उलट, थोडा तिरका उजेड द्या म्हणजे टेक्स्चर उठून येतं.

दहा फोटो मागितले असतील तर दहा वेगवेगळी कामं कोंबू नका. सहा-सात कामं, दोन-तीन डीटेल, आणि एक असा फोटो ज्यात कामाचा आकार कळतो, म्हणजे शेजारी माणूस किंवा खोली दिसते. सगळ्यात दणकट काम पहिलं, दुसरं दणकट शेवटी. गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम असू दे, कॉलेजमधला तो बेस्ट पीस आता सोडा.

फाइलचं नाव आयएमजी ४४३२ असं पाठवू नका. आडनाव, नाव, नंबर. कॅप्शनमध्ये शीर्षक, साल, माध्यम, कुठल्या तापमानाला भाजलं, आणि उंची × रुंदी × खोली सेंटीमीटरमध्ये. इंचात दिलं तर युरोपवाले वैतागतात. नुसतं "सिरॅमिक" लिहू नका, स्टोनवेअर आहे की टेराकोटा, रिडक्शन (भट्टीत हवा कमी ठेवून भाजलेलं) की ऑक्सिडेशन (भरपूर हवेत भाजलेलं) ते लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की समोरच्याला आपलं काम येतं.

६. स्टेटमेंट आणि प्रपोजल वेगळे ठेवा

स्टेटमेंट म्हणजे मी काय करते आणि का. प्रपोजल म्हणजे तुमच्याकडे येऊन मी काय करणार. दोन्हीत तोच मजकूर चिकटवला की लगेच कळतं. आणि "लहानपणापासून मातीशी माझं नातं" हे वाक्य कृपा करून काढा, ते स्थळाच्या बायोडेटातल्या "मनमिळाऊ स्वभाव" सारखं झालंय, सगळ्यांचं तेच.

प्रपोजलमध्ये वेळेचं गणित दिसलं पाहिजे. समजा रेसिडेन्सी चार आठवड्यांची आहे. पहिले तीन-चार दिवस तिथली माती आणि ग्लेझच्या टेस्ट टाइल्स करण्यात जातात. मग काम करायला साधारण दहा-बारा दिवस. जाड काम सुकायलाच आठवडा, आणि थंड देशात त्याहून जास्त. बिस्क (ग्लेझ लावण्याआधीचं पहिलं भाजणं) भट्टी लावून, भाजून, थंड होऊन उघडेपर्यंत दोन-तीन दिवस, मग ग्लेझिंग, मग दुसरं फायरिंग आणि पुन्हा थंड होण्याची वाट. शिवाय भट्टी तुमच्या एकट्यासाठी नसते, रांग असते. म्हणजे चार आठवड्यांत खरं बनवायला मिळतात ते फार तर दोन. त्यात तुम्ही "शंभर नगांचं इन्स्टॉलेशन" लिहिलंत तर कमिटीतला सिरॅमिकवाला हसतो आणि पुढचा अर्ज उघडतो. पंधरा नग लिहा, आणि कुठल्या आठवड्यात काय तेही लिहा.

दुसरं, आपली ग्लेझची रेसिपी तिकडे जशीच्या तशी चालत नाही. आपलं फेल्स्पार (ग्लेझमधलं एक खनिज) वेगळं, तिकडचं वेगळं, त्यांची माती वेगळी आकसते. आपल्याकडे थानगढच्या किंवा खुर्ज्याच्या मातीवर बसलेलं ग्लेझ तिकडे तडकतं नाहीतर वाहून जातं. रेसिपी वजनात लिहून नेण्यापेक्षा तिचा सेगर फॉर्म्युला (ग्लेझमधल्या ऑक्साइडांचं रेणूंच्या हिशोबातलं प्रमाण) काढून न्या, म्हणजे तिथल्या मटेरियलमध्ये बदलून घेता येतं. तापमान लिहिताना कोनही (भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा नंबरचा सुळका) लिहा, कोन ६ म्हणजे साधारण १२२०, कोन १० म्हणजे १२८५ ते १३०० अंश. आणि पिशव्यांमध्ये पांढऱ्या-काळ्या पावडरी भरून विमानतळावर जाऊ नका, सिलिका आहे हो, कोबाल्ट आहे हो, असं समजावत बसावं लागतं. तिथे सगळं मिळतं.

७. शिफारसपत्रं

दोन किंवा तीन मागतात. नाव मोठं असलेल्या माणसाचं दोन ओळींचं पत्र आणि तुमच्याबरोबर खरंच काम केलेल्या माणसाचं पानभर पत्र, यात दुसरं घ्या. सरांना किमान महिनाभर आधी सांगा, सोबत तुमचा सीव्ही, प्रपोजल आणि डेडलाइन पाठवा. बऱ्याच ठिकाणी आता पत्र तुमच्या हातात देत नाहीत, सरांच्या ईमेलवर लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते आणि सरांना पत्ता नसतो. म्हणून लिंक गेली की त्याच दिवशी फोन. "सर, स्पॅम बघा ना" म्हणायला लाजू नका.

८. कागदपत्रं एकदाच नीट जमवा

एका फोल्डरमध्ये हे सगळं स्कॅन करून ठेवा:

– पासपोर्ट, परत येण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध
– डिग्री, मार्कशीट, जी. डी. आर्ट असेल तर डिप्लोमाचं सर्टिफिकेट
– सीव्ही, एक दोन पानांचा आणि एक सविस्तर
– प्रदर्शनांचे कॅटलॉग, पत्रं, बातम्यांची कात्रणं (मराठी असतील तर सोबत इंग्रजी सारांश)
– सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न
– नोकरी असेल तर एनओसी आणि रजा मंजुरीचं पत्र
– लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि राजपत्रातली नोंद

नावाचं जरा नीट ऐका. आपल्याकडच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, वर कुठेतरी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर तिसरंच. बाहेरच्या ऑफिसातली बाई तुमचं आडनाव हेच पहिलं नाव धरते आणि निमंत्रण "डिअर जाधव प्रिया सुरेश" म्हणून येतं, मग व्हिसावाले विचारतात ही कोण. फॉर्म भरताना कायम पासपोर्टवरचंच नाव आणि त्याच क्रमाने. निमंत्रणपत्र आलं की स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, चुकलं असेल तर त्याच दिवशी बदलून मागा.

९. व्हिसा

युरोपला नव्वद दिवसांच्या आत असेल तर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) शॉर्ट स्टे व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, म्हणजे बसतं, पण "जाता जाता पॅरिस बघून येते" म्हणालात की सहाच दिवस शिल्लक आहेत हे लक्षात ठेवा. विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, तेव्हा निमंत्रण आल्या आल्या स्लॉट बघा.

अमेरिकेला रेसिडेन्सीसाठी टुरिस्ट व्हिसावर जाते म्हणणाऱ्यांनो, थांबा. संस्था स्टायपेंड देत असेल किंवा शिकवायला लावणार असेल तर कुठला व्हिसा ते त्यांनाच लेखी विचारा. बहुतेकदा जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) असतो, त्यासाठी त्यांच्याकडून डीएस-२०१९ नावाचा फॉर्म यावा लागतो, वर सेविसची (अशा पाहुण्यांच्या तिथल्या सरकारी नोंदणीची) २२० डॉलर फी वेगळी. काही जे-१ वर दोन वर्षं मायदेशी परत राहण्याची अट लागते, ती व्हिसावर छापलेली असते, वाचा. जपानला नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर तिथल्या संस्थेने आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढून पाठवावं लागतं, त्याला वेळ लागतो.

स्टायपेंड खात्यात येताना बँक परपज कोड (पैसे कशासाठी आले त्याचा कोड) विचारते. निमंत्रणपत्राची कॉपी घेऊन जा, नाहीतर पैसे मध्येच लटकतात.

१०. शिकवण्याच्या जागा

कॉलेजात कायम जागा हवी असेल तर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम: मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), नेटमध्ये आपला विषय व्हिज्युअल आर्ट. किंवा पीएचडी. नुसत्या जी. डी. आर्टवर असिस्टंट प्रोफेसर होता येत नाही, हे कुणीतरी पहिल्या वर्षालाच सांगायला हवं. सरकारी कला महाविद्यालयांच्या जाहिराती एमपीएससीमार्फत येतात, कधी येतील याचा भरवसा नाही. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, तेव्हा त्यांच्या भरतीवर वेगळं लक्ष ठेवा. सिरॅमिक शिकवणारी ठिकाणं देशात मोजकीच, जे.जे., बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी, शांतिनिकेतनचं कला भवन, अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन), आणि काही डिझाइन कॉलेजं. त्यामुळे जागा निघाली की सगळ्या देशातून अर्ज येतात.

एक वाट लोकांना माहीत नसते. यूजीसीच्या नियमांत व्यावसायिक कलाकारासाठी वेगळी तरतूद आहे: बॅचलर डिग्री, नामवंत कलाकाराच्या हाताखाली केलेलं काम, आणि पाच वर्षं नियमित प्रदर्शनं-कार्यशाळा केल्याचा पुरावा. पुरावा म्हणजे कॅटलॉग, पत्रं, बातम्या, म्हणून वर ती कात्रणं जपायला सांगितली. आणि २०२२ पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आहे, डिग्रीची अट नाही पण पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि मुदत जास्तीत जास्त चार वर्षं.

बाकी बहुतेकांच्या वाट्याला येतं ते तासिका तत्त्व. तासाला पैसे, सुट्टीत शून्य, बिल सहा-सहा महिने अडकलेलं. घ्यायचं तर एक-दोन वर्षं अनुभवासाठी घ्या, अनुभवाचं पत्र दर वर्षाच्या शेवटी न विसरता लेखी घ्या, प्राचार्य बदलले की मागचं कुणी देत नाही. पैशाच्या दृष्टीने मुंबई-पुण्यातल्या आयबी आणि केंब्रिज बोर्डाच्या शाळा बऱ्या, पगार नियमित, कधी कधी शाळेचीच भट्टी असते आणि ती सुट्टीत वापरायला मिळते का हे इंटरव्ह्यूमध्येच विचारून घ्या.

अमेरिकेत शिकवायचं तर एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) लागते. जाहिराती कॉलेज आर्ट असोसिएशनकडे आणि सिरॅमिकसाठी एनसेका या तिथल्या सिरॅमिक शिक्षणाच्या संस्थेकडे असतात. अर्जात तुमच्या कामाइतकेच तुमच्या विद्यार्थ्यांच्या कामाचे फोटो मागतात, शिवाय तुम्ही कसं शिकवता त्यावर पानभर लिखाण. तेव्हा आज कुठेही चार पोरांना शिकवत असाल तर त्यांच्या कामांचे फोटो आजपासूनच काढा, त्यांची परवानगी घेऊन.

११. पुरस्कार आणि स्पर्धा

इथे फसवणूक सगळ्यात जास्त. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, इंटरनॅशनल कलारत्न वगैरे, तुमची निवड झाली आहे, रजिस्ट्रेशनचे काही हजार भरा, ट्रॉफी आणि शाल मिळेल. अर्ज न करता निवड झाली म्हणजेच काय ते समजा. ज्युरीची नावं नाहीत, मागच्या वर्षीच्या विजेत्यांची कामं बघायला मिळत नाहीत, फी भरल्यावरच नियम कळतात, असं असेल तर ब्लॉक करा. असले पुरस्कार सीव्हीत लिहिले तर उलट नुकसान, जाणकार माणूस ते वाचून बाकीच्या ओळींवरही शंका घेतो.

खरे कुठले? महाराष्ट्रात कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, त्यात विद्यार्थी विभाग वेगळा असतो, तेव्हा कॉलेजात असतानाच भरा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासूनची, दोन्हींची वार्षिक प्रदर्शनं. ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन. पुरस्कार नसला तरी इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले या प्रदर्शनाकडे लक्ष ठेवा, पहिलं २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात झालं, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीत. आणि भांडी करणाऱ्याला कोण विचारतं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, चाकावर काम करणारा माणूस.

परदेशातलं म्हणाल तर लोएवे क्राफ्ट प्राइज, अर्ज ऑनलाइन, पहिलं बक्षीस ५०,००० युरो, काम गेल्या पाच वर्षांतलं लागतं. इटलीतल्या फाएन्झाची सिरॅमिक स्पर्धा १९३८ पासून चालू आहे, तिथे बक्षीस मिळालेलं काम म्युझियम ठेवून घेतं, म्हणजे ते काम परत येणार नाही हे धरून चला. जपानची मिनो स्पर्धा १९८६ पासून, दर तीन वर्षांनी. कोरियात ग्योंगी सिरॅमिक बिएनाले.

यात पहिली फेरी फोटोवर असते, ती फुकट किंवा स्वस्त. निवड झाली की खरं काम पाठवायचं, आणि तिथून खर्च सुरू होतो. नियमांत दोन गोष्टी शोधा: जायचा वाहतूक खर्च कुणाचा, यायचा कुणाचा. बऱ्याचदा जायचा तुमचा आणि यायचा त्यांचा असतो, कधी दोन्ही तुमचे.

पॅकिंग असं करा: प्रत्येक काम बबलरॅपमध्ये, मग कार्टनमध्ये फोमच्या तुकड्यांत, मग ते कार्टन दुसऱ्या मोठ्या पेटीत, मध्ये चारी बाजूंनी किमान चार बोटं जागा. हँडल, तोटी, कडा अशा नाजूक जागा आधी टिश्यूने भरून घ्या म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. कसं उघडायचं आणि परत कसं भरायचं त्याचे फोटो काढून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, परतीचं पॅकिंग करणारा माणूस वेगळा असतो. लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड उष्णता किंवा धुरी देऊन घेतलेलं, नाहीतर माल बंदरावरच अडतो. खोकेवाल्याला नुसतं "एक्सपोर्टचा खोका" सांगू नका, शिक्का दाखव म्हणा.

टेराकोटाचं काम जुन्या मूर्तीसारखं दिसत असेल तर कस्टमवाले पुरातन वस्तू आहे का म्हणून अडवू शकतात, त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरातन नसल्याचा दाखला आधी काढून ठेवा. कागदांत "प्रदर्शनासाठी, परत येणार" असं स्पष्ट लिहून घ्या आणि जातानाच्या शिपिंग बिलाची कॉपी जपून ठेवा, परत आणताना तुमचंच काम आहे हे त्यावरूनच सिद्ध करायचं असतं, नाहीतर स्वतःच्या मडक्यावर ड्यूटी भरायची वेळ येते.